धुरा कुठे घालायचा?

भंडाऱ्याहून पवनीकडे निघालं की वाटेत अड्याळ लागतं. पवनी तालुक्यातलं हे मोठं गाव हनुमान मंदिरामुळे आणि घोडायात्रेमुळे पंचक्रोशीत ओळखीचं आहे. गाव संपलं की दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या सुरू होतात. वाटणीचा विचार करायचा तर आधी ही बांधी नीट बघून घ्यायला हवी, कारण पुढची सगळी भांडणं तिच्या पोटात आहेत.

बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घातलेला, आतून सपाट केलेला जमिनीचा तुकडा. धानाला पाय बुडवून उभं राहायला पाणी लागतं, आणि पाणी उतारावर थांबत नाही. म्हणून उताराचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकाभोवती धुरा घालायचा. पाच-सहा एकरांच्या एका शेतात अशा कितीतरी बांध्या असतात आणि प्रत्येक बांधी शेजारणीपेक्षा वीतभर वर किंवा खाली असते. वरच्या बांधीत पाणी भरलं की धुऱ्याला तोंड फोडून ते खालच्या बांधीत सोडायचं, तिथून पुढच्या. कालवा नाही, पाट नाही. एकाचं शेत हाच दुसऱ्याचा पाट. एक मालक असेतोवर यात अडचण काहीच नाही. मालक दोन झाले की वरच्याने तोंड कधी फोडायचं, हा प्रश्न उभा राहतो. रोवणीच्या दिवसांत पाऊस आठवडाभर दडी मारतो तेव्हा तर हा प्रश्न रात्री कंदील घेऊन शेतावर जातो.

जमीनही सगळी सारखी नसते. इंग्रजी अमदानीत बंदोबस्ताला आलेल्या अधिकाऱ्यांनी या जिल्ह्यातल्या मातीचे मोरंड, खरडी, सिहार, बर्डी असे प्रकार सारा आकारण्यासाठी कागदावर उतरवले. शेतकऱ्यांच्या तोंडी ते त्याआधीपासून होते. सिहार पिवळसर, रेताड, धानाला मानवणारी. बर्डी म्हणजे खडकाळ, उथळ, वरची. मोरंड काळपट, ओल धरून ठेवणारी. तिच्यावर धानानंतर रब्बीचंही काही निघतं. एकाच शेताच्या डोक्याला बर्डी आणि पायथ्याला मोरंड असू शकते. तेव्हा ‘सहा एकरांचे दोघांत तीन-तीन एकर’ हे वाक्य ज्याने शेत पाहिलेलं नाही त्यालाच सोपं वाटतं.

कायदा मात्र अपूर्णांकातच बोलतो. ते अपूर्णांक कुठून येतात, हे एका खऱ्या खटल्यावरून चांगलं कळतं. खंडाप्पा संगप्पा मगदूम १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. मिळकतीत घरं होती, जमीन होती, दुकानं होती. हिराबाईंनी १९६२ साली सांगलीच्या न्यायालयात दावा लावला: मला सात-चोविसांश हिस्सा वेगळा करून द्या. आईने वाटणी मागावी ही गोष्ट तेव्हा काय, आजही चारचौघांना खटकते. पण आकड्याकडे बघा. सात-चोविसांश आला कुठून?

हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला तेव्हा त्याने जुनं एकत्र कुटुंब मोडलं नाही. मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क, ही ‘मिताक्षरा’ या जुन्या ग्रंथाची रीत तशीच ठेवली आणि तिच्या शेजारी नवी वारसाहक्काची रीत आणून बसवली. मग हिशेब दोन पायऱ्यांत करावा लागतो. पहिल्या पायरीवर असं मानायचं की खंडाप्पांनी डोळे मिटण्याच्या क्षणभर आधी वाटणी केली. त्या मानलेल्या वाटणीत ते स्वतः, पत्नी आणि दोन मुलगे असे चार वाटेकरी, प्रत्येकी पाव. मुली या पायरीवर नाहीतच. दुसऱ्या पायरीवर खंडाप्पांचा स्वतःचा पाव हिस्सा पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली अशा सहा वारसांत विभागायचा. प्रत्येकी चोविसावा भाग. हिराबाईंचा पाव म्हणजे सहा-चोविसांश, त्यात हा एक मिळवला की सात. खालच्या न्यायालयाने त्यांना नुसता चोविसावा भाग देऊ केला होता. मानलेली वाटणी ती मानण्यापुरतीच, तिच्यातून बाईला खराखुरा पाव कसा द्यायचा, असा तो युक्तिवाद. मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि २७ एप्रिल १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या निकालपत्राने, हिराबाईंचे सात-चोविसांश कायम केले. दावा लावल्यापासून पंधरा वर्षं उलटून गेली होती.

आता हे कुटुंब सांगलीहून उचलून अड्याळच्या शिवारात ठेवू. नावं सोडून देऊ, माणसं तेवढीच: आई, दोन भाऊ, तीन बहिणी. वडिलोपार्जित धानाची जमीन सहा एकर, म्हणजे २४० गुंठे. १९५६च्या हिशेबाने आईला ७० गुंठे, प्रत्येक भावाला ७० गुंठे आणि प्रत्येक बहिणीला १० गुंठे. बेरीज बरोबर २४०. पण बहिणीच्या दहा गुंठ्यांकडे लक्ष द्या. कायद्याने मुलीला वारस म्हटलं आणि हातावर ठेवलं ते भावाच्या सातव्या भागाइतकं.

हे असं व्हायला नको होतं, असं ज्यांना वाटत होतं त्यात या कायद्याचा पहिला मोठा मसुदा संसदेपुढे नेणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांच्या हिंदू कोड बिलात मुलीला मुलाच्या बरोबरीने वारस केलं होतं आणि जन्मतः मिळणाऱ्या हक्काची रीतच मोडीत काढली होती. बिल रखडलं आणि सप्टेंबर १९५१मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५४ साली लोकसभेच्या पोटनिवडणुकीला ते उभे राहिले ते याच भंडारा मतदारसंघातून, आणि हरले. तो पराभव वारसा कायद्यापायी झाला नाही. त्याची कारणं वेगळी, पक्षीय होती. तरीही मुलीच्या हिश्श्याची गोष्ट भंडाऱ्यात सांगताना हा प्रसंग गाळून पुढे जाणं मला जमत नाही.

पुढची पन्नास वर्षं गोष्ट हळूहळू सरकली. महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून मुलींनाही जन्मतः हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे एकाच घरात थोरली उपाशी आणि धाकटी वाटेकरी. ९ सप्टेंबर २००५ला केंद्राच्या दुरुस्तीने ही लग्नाची अट संपली. तरी ‘त्या दिवशी वडील जिवंत हवे होते का’ यावर न्यायालयांत वर्षानुवर्षं काथ्याकूट चालला. ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नको म्हणून सांगितलं. मुलीचा हक्क जन्माचा आहे, वडिलांच्या हयातीशी त्याचा संबंध नाही. २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र शाबूत राहिल्या. हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे, तेव्हा भंडाऱ्यातली बहुतेक शेतकरी घरं त्यात येतात.

आता तेच सहा एकर पुन्हा वाटू. मानलेल्या वाटणीत वडील, आई आणि पाचही मुलं असे सात वाटेकरी, प्रत्येकी एक-सप्तमांश. वडिलांचा सातवा भाग सहा वारसांत गेला की प्रत्येकाला बेचाळिसावा. सातव्यात बेचाळिसावा मिळवला की होतो सहावा. आई, भाऊ, बहीण, सगळ्यांना बरोबर ४० गुंठे, एकेक एकर. इतका आडवळणाचा रस्ता चालून गणित शेवटी जिथे पोचतं ती जागा एखाद्या पोरानेही सांगितली असती: सहा जण, सहा एकर.

समान वाटणी ही तशी आपल्याकडे नवी नाही, निदान भावाभावांत. मनुस्मृतीत थोरल्याला विसावा भाग जादा आणि सगळ्यात चांगली वस्तू त्याची, असं आहे. आपल्या सहा एकरांतले बारा गुंठे. पण कल्याणीच्या चालुक्य दरबारात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली तेव्हा या ज्येष्ठांशाला त्याने बाजूला सारलं. शास्त्रात आहे हे त्याला मान्य होतं. लोकांना ते रुचत नाही म्हणून करू नये, हे त्याचं कारण. नऊशे वर्षांपूर्वीच्या पंडिताने लोकांच्या रुचीला इतकं वजन द्यावं, हे मला मिताक्षरेतलं सगळ्यात आवडतं ठिकाण वाटतं.

त्या मानाने अटलांटिकपलीकडचे शेतकरी थोरल्याला बराच काळ सोडायला तयार नव्हते. अमेरिका इंग्रजांची वसाहत होती तेव्हा व्हर्जिनियात मृत्युपत्र न करता कोणी गेला तर जमीन थोरल्या मुलाची. ही रीत १७८५च्या कायद्याने मोडली. मॅसॅच्युसेट्समध्ये सगळ्या मुलामुलींना हिस्सा होता, पण थोरल्याला दुप्पट. विधवेला जमिनीचा तिसरा भाग, तोही हयातीपुरता. आपलं कुटुंब तिथे नेलं तर आईला जगेपर्यंत ८० गुंठे, उरलेल्या १६०चे सहा भाग, त्यातले दोन थोरल्याचे: ५३ गुंठ्यांच्या थोडं वर. बाकी चौघांना २६-२७ गुंठे. बहिणीच्या पदरात अड्याळच्या १९५६च्या बहिणीच्या अडीचपटीहून थोडी जास्त जमीन पडली असती! ही तुलना थोडी फसवी आहे, कारण प्रत्यक्षात तिकडचे बाप मृत्युपत्र करत, जमीन मुलग्यांना देत आणि मुलींना गाय, अंथरूण-पांघरूण, भांडी किंवा रोख रक्कम. ते वाचताना परकं काही वाटत नाही. आपल्याकडे ‘तिच्या लग्नात दिलं की’ म्हणतात तेच.

फिलिप ग्रेव्हन या इतिहासकाराने मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावाच्या चार पिढ्यांचे कागद तपासून १९७० साली एक पुस्तक लिहिलं. पहिल्या वसाहतकऱ्यांकडे जमीन भरपूर होती, मुलगे त्याच जमिनीवर घरं बांधून राहत होते, पण बाप मरेपर्यंत कागद आपल्याच नावावर ठेवत. प्रौढ मुलगा बापाच्या जमिनीवर बापाच्या मर्जीने शेती करतो आहे, हे चित्र तिथे नेहमीचं होतं. चौथ्या पिढीपर्यंत वाटून वाटून पुरेशी जमीन उरली नाही तेव्हा मुलगे सुतारकामाकडे वळले किंवा नव्या गावांकडे निघाले. अड्याळच्या मुलाला नवी जमीन कुठे नाही; तो नागपूर-पुण्याकडे निघतो आणि सातबाऱ्यावर नाव तेवढं ठेवतो. महाराष्ट्रातली सरासरी शेतजमीन १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली.

या भागात जमीन वाटण्याआधी गावं वाटली जात होती, हेही सांगून ठेवायला हवं. मध्य प्रांतात इंग्रजांनी मालगुजारांना गावाची मालकी दिली. गाव म्हणजे सोळा आणे. चार मुलगे झाले की प्रत्येकी चार आणे. त्यातल्या एकाला तीन मुलगे झाले की त्यांचा प्रत्येकी एक आणा चार पै. गाव जमिनीवर कुणी कापत नसे, वसूल तेवढा वाटला जाई. लंबरदार सगळ्यांच्या वतीने सारा भरी आणि ज्याचे जेवढे आणे-पै तेवढं त्याला देई. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी गेली. गावाची मालकी आणि तलाव सरकारजमा झाले, घरची शेती राहिली. ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव हे नाव तेव्हापासूनचं. वाटणीच्या दृष्टीने यातला फरक मोठा आहे. आणे वाटायला धुरा लागत नव्हता. बांध्या वाटायला तो लागतो.

तर पुन्हा शेतावर येऊ. दोघे भाऊ वेगळे निघायचं ठरवतात तेव्हा पंच बसतात: एखादा चुलता, मामा, गावातला एक शब्दाचा माणूस, पूर्वी पोलीस पाटील. पहिलं भांडण दिशेचं. शेत उतारावर उभं कापायचं की आडवं? आडवं कापलं तर एकाला वरची बर्डी, दुसऱ्याला खालची मोरंड. वरच्याकडे पाण्याची किल्ली, खालच्याकडे चांगली माती. पाऊसमान बरं असेल तर खालचा जिंकतो, आणि अतिवृष्टीत वरचे धुरे फुटून सगळा गाळ त्याच्याच धानावर येतो. उभं कापलं तर दोघांनाही थोडी बर्डी, थोडी मोरंड, पण मग प्रत्येक बांधीच्या मधून नवा धुरा जातो, बांधी अरुंद होते, ट्रॅक्टर वळत नाही. आणि धुराही जागा खातोच. त्याखाली गेलेली जमीन कुणाच्याच हिश्श्यात पिकत नाही.

पंच जुने असले तर तिसरा मार्ग काढतात: बांध्यांच्या जोड्या लावतात. वरची एक मोठी आणि खालची एक लहान मिळून एक वाटा. क्षेत्र थोडं कमी-जास्त होतं, पण खंडीच्या हिशेबात बरोबरी येते. कुठल्या बांधीत किती धान होतं हे सगळ्यांना पाठ असतं. मोजणीदाराला ते माहीत नसतं. वाटे पडले की उचलायचे कसे? थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं, ही जुनी रीत. थोरला मग झक मारत वाटे सारखे पाडतो. नाहीतर ईश्वरचिठ्ठी: दोन चिठ्ठ्या, आणि उचलायला घरातलं सगळ्यात लहान पोर.

न वाटता येणाऱ्या गोष्टी यानंतर येतात, आणि मी म्हणेन की खऱ्या कोर्टकचेऱ्या त्यांच्यावरूनच होतात. विहीर एक, मोटारपंप एक, विजेचं कनेक्शन बापाच्या नावावर. पाळ्या ठरतात, लोडशेडिंग त्या पाळ्या मोडतं. बोडी, म्हणजे शेतातला छोटा तलाव, कुणाच्या वाट्यात घातली तरी पाणी सगळ्यांना लागतं. मोहाचं झाड एकाच्या बांधीत उभं असतं आणि फुलं दुसऱ्याच्या बांधीत गळतात. मधल्या नव्या धुऱ्यावर तूर कुणी लावायची? भंडाऱ्यात धुऱ्यावरची तूर ही घरची वर्षभराची डाळ असते, तेव्हा प्रश्न लहान नाही. शिवाय दर साली रोवणीआधी धुरे साफ करताना फावडं आपल्या बाजूने जरा जास्त चालतं. धुरा कोरला, अशी तक्रार होते. चार बोटं यंदा, चार बोटं पुढल्या साली. दहा वर्षांत धुरा सरकलेला असतो आणि दोघेही शपथेवर सांगतात की तो इथेच होता.

घरातली वाटणी त्या मानाने लवकर उरकते. बैलजोडी फोडत नाहीत, किंमत लावून एकाने ठेवायची. तणसाचा ढीग अर्धा-अर्धा. भंडारा पितळी भांड्यांचं गाव, त्यामुळे घरोघरी गुंड, परात, गंगाळ असतात आणि त्यांवर नावं कोरलेली असतात. ज्या सुनेच्या माहेरून आलं ते तिचं, यावर सहसा वाद होत नाही. अमेरिकेतल्या त्या शेतकऱ्यांच्या मृत्यूनंतर शेजाऱ्यांकडून मालमत्तेची यादी करून घेण्याची पद्धत होती. त्या याद्यांत तांब्याची किटली, पिसांची गादी, लंगडी गायसुद्धा किमतीसकट लिहिलेली सापडते. आपल्याकडे अशी यादी पंचांच्या डोक्यात असते आणि पंचांबरोबर जाते.

इथपर्यंतची वाटणी तोंडी. पुष्कळ घरांत ती तोंडीच राहते: भाऊ वीस वर्षं वेगळी शेती करतात, सातबारा मात्र सामाईक. मग एक दिवस कागद लागतो. आधारभूत केंद्रावर धान विकायचा तर सातबारा हवा, त्यावर पीक नोंदलेलं हवं, आणि सातबारा सामाईक असेल तर बाकीच्यांची संमती हवी. पुण्यातल्या भावाची सही आणायला गेलं की जुने हिशेब निघतात. पीककर्ज, नुकसानभरपाई, पीएम-किसान, सगळं नावाला बांधलेलं. पीएम-किसानसाठी तर १ फेब्रुवारी २०१९ला जमीन नावावर हवी होती. त्या तारखेनंतर वाटणीने नाव लागलेला भाऊ हात चोळत बसला.

कागद करायचे रस्ते तीन. सगळे राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५खाली तहसीलदाराकडे अर्ज. तो सहधारकांना नोटिसा काढतो, वाटपाला मान्यता देतो, मग भूमी अभिलेखचा मोजणीदार येऊन पोटहिस्से पाडतो, पटवारी फेरफार घेतो. किंवा दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत वाटणीपत्र. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी राज्य सरकारने मे २०२५मध्ये माफ करायचं ठरवलं. आणि राजी नसतील तर दिवाणी दावा. त्यातली गंमत अशी की दिवाणी न्यायालय हिस्सा किती ते ठरवतं, पण साराभरणीच्या जमिनीत तो हिस्सा प्रत्यक्ष पाडायचं काम जिल्हाधिकाऱ्याकडे म्हणजे पुन्हा महसूल खात्याकडेच येतं. दावा जिंकलेला माणूस मग तहसीलच्या बाकावर नव्याने बसतो.

कलम ८५ने वाटायला गेलं की आपल्या जुन्या हिशेबातल्या दहा गुंठेवाल्या बहिणी आठवाव्यात. तुकडेबंदीचा कायदा १९४७चा. आज शेतजमिनीचा तुकडा जिरायतात २० आणि बागायतात १० गुंठ्यांहून लहान पाडता येत नाही. ज्याचा हिस्सा त्याहून कमी भरतो त्याला जमिनीऐवजी पैसे द्यायचे, अशी तरतूद आहे. म्हणजे पावसावरच्या धानात १९५६च्या हिशेबाची बहीण जमिनीवर उतरूच शकली नसती. उलट भावांनी आधी वहिवाटीत अदलाबदल करून ठेवली असेल, म्हणजे याच्या नावाची जमीन तो कसतो आणि त्याच्या नावाची हा, तर बारा वर्षांचा ताबा दाखवून ती कागदावर आणायला २०२३पासून सलोखा योजना आहे: मुद्रांक हजार रुपये, नोंदणी हजार रुपये. सरकारी योजनांच्या नावांत इतकं मोकळेपणाने भांडण कबूल करणारं दुसरं नाव मला आठवत नाही.

कागदावरच्या सगळ्याच वाटण्या शेतावर उतरायला केलेल्या नसतात. कमाल जमीनधारणा कायदा कडक होणार अशी चाहूल लागली तेव्हा मोठ्या शेतकऱ्यांनी मुलं, सुना, पुतणे यांच्यात भराभर वाटण्या केल्या. १९७५च्या दुरुस्तीने २६ सप्टेंबर १९७० नंतरच्या अशा वाटण्या कायदा चुकवण्यासाठीच केल्या असं गृहीत धरलं. गोसीखुर्द धरणाने याच पवनी तालुक्यात उलटा धडा शिकवला. २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढे गावं उठली, मोबदले आले. जमिनीचे पैसे सातबाऱ्यावर ज्यांची नावं त्यांना. नावं चार आणि वहिवाट एकाची असेल तर वाद न्यायालयात आणि पैसेही तिकडेच अडकलेले. पुनर्वसनात सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब धरायचं की नाही यावर वेगळी लढाई. ज्या घरांनी ‘आपल्यात कशाला कागद’ म्हणून पन्नास वर्षं काढली त्यांना तेव्हा कागदाची किंमत कळली.

बहिणीही अशाच वेळी आठवतात. एरवी वडील गेले की फेरफाराला बहिणींची नावं लागतात आणि लगेच मागून हक्कसोडपत्र येतं. ते नोंदवावं लागतं, म्हणून बहिणींना तालुक्याला बोलावतात. भाडं भाऊ देतो, जेवण होतं, कधी साडी. सही होते. बाहेरचे लोक याला फसवणूक म्हणतात, आणि काही वेळा ती असते. पण पुष्कळदा बहीण सगळं समजून सही करते. तिचा हिशेब वेगळा आहे: एक एकर धान दूरच्या गावाहून कसता येणार नाही, ठेक्याने दिलं तर हाती येईल ते थोडकं, आणि त्या बदल्यात भाऊबीजेला जायचं घर, बाळंतपणाचं माहेर, नवऱ्याशी बिनसलं तर उघडणारं एक दार गमवायचं. ही किंमत तिलाच का मोजावी लागते, भावाला का नाही, हा प्रश्न मात्र त्या हिशेबात कुणी घालत नाही. समृद्धी महामार्गासारखा रस्ता किंवा धरण येऊन जमिनीचा एकदम पैसा होतो तेव्हा ज्या बहिणीने सही केलेली नसते तिचं पारडं जड होतं. तोवर भाऊही तिला वर्षातून एकदा फोन करणारा उरलेला असतो.

आणि म्हातारी माणसं? वाटणीत त्यांचा हिस्सा ठेवायचा की नाही, हा पंचांपुढचा शेवटचा आणि सगळ्यात अवघड विषय. काही घरांत आईबाप एकेक एकर आपल्या नावावर ठेवतात आणि जो सांभाळेल तो ते कसतो. काही घरांत सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. अधिक महिना आला की तो कुणाचा, यावरही शब्द झाल्याचं ऐकू येतं. काही घरांत आई धाकट्याकडे, बाप थोरल्याकडे, म्हणजे चाळीस वर्षांचा संसार वाट्यांत घालून मोकळे.

इथे त्या अमेरिकन शेतकऱ्यांकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. मृत्युपत्रात ते मुलाला जमीन देत आणि खाली अट घालत: आईला घरातली अमुक खोली, ओसरीतून येण्याजाण्याचा हक्क, चुलीचा आणि विहिरीचा वापर, साली इतकं धान्य, एक गाय पोसून द्यायची, आणि सरपण फोडून दाराशी आणून टाकायचं. सरपण ‘दाराशी’ हे लिहावं लागलं, यावरून तिथले मुलगे कसे होते याचा अंदाज येतो. अट मोडली तर जमिनीवरच गदा येई.

आपल्याकडे या अटीला कायद्याचं बळ २००७ साली आलं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाच्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळ करीन या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार उपविभागीय अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणात रद्द करून मागता येतो. पण अट दिसायला हवी. प्रेमाने बक्षीसपत्र करून दिलं आणि त्यात सांभाळाचा शब्दच नसेल, तर म्हाताऱ्याला तो शब्द सिद्ध करत बसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये एका प्रकरणात अशी अट नसल्यावर बोट ठेवलं होतं. याच कायद्याखाली मुलांकडून महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह मागता येतो. मागणारे थोडे. पोराविरुद्ध अर्ज करायला भंडाऱ्याला जायचं तर नेणार कोण, तर तो पोरगाच.

नावावर ठेवलेल्या त्या एका एकराचं पुढे काय होतं, याचाही विचार करून ठेवलेला बरा. बाप गेला की ते एकर जो सांभाळत होता त्याला आपोआप मिळत नाही. ते आई, भाऊ, बहिणी, सगळ्या वारसांत पुन्हा सारखं फुटतं, आणि ज्याने दहा वर्षं औषधपाणी केलं तो म्हणतो, मग मी काय केलं? त्याला ते द्यायचं असेल तर मृत्युपत्र करावं लागतं. ते साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात, आणि ते फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच करता येतं. अड्याळसारख्या गावात खरी अडचण कागदाची नसते. दोन साक्षीदार लागतात, आणि त्या दोघांना कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत दुसऱ्या भावाला कळलेलं असतं. मग उरलेले दिवस म्हाताऱ्याला ज्याच्या घरी काढायचे असतात, नेमका तोच भाऊ विचारायला येतो.